आतल्या खोलीचे दार

१९७२ सालच्या चैत्रात, भैरोबाची जत्रा तोंडावर आली असताना, भर दुपारी माझ्या आईने आमच्या घराच्या आतल्या खोलीचे दार पहारीने उचलून चौकटीबाहेर काढले. त्या खोलीत माझा थोरला भाऊ निवृत्ती बसलेला होता. तो फौजेत नाईक होता, आदल्या मार्गशीर्षातल्या लढाईत जखमी झाला होता आणि त्याला वीरचक्र जाहीर झाले होते. दाराला बाहेरून कडी होती आणि कडीवर गुरवाने बांधलेला हळदीचा नाडा होता. आईने कडी काढली नाही आणि नाडाही तोडला नाही.

आमचे गाव पारनेर तालुक्यात, सुप्याच्या फाट्यावरून आत. सुप्याला तेव्हा कारखाने नव्हते. एस.टी.चा थांबा, चहाचे एक छप्पर आणि बाजरीची पोती उतरवायला एक ओटा, एवढेच होते. तिथून गावापर्यंत माळ. आमचे घर माळवदाचे होते, म्हणजे लाकडी छतावर मातीचा थर. पुढे ओसरी, मग मधले घर, त्याला लागून चूल, आणि सगळ्यात मागे आतली खोली. तिला खिडकी नव्हती. छताला हातभर रुंदीचे एक साणे होते, त्यातून उजेडाची एक काठी जमिनीवर पडायची आणि दिवसभर सरकत राहायची. तिथे धान्याच्या कणग्या होत्या, फळीवर देवांचे टाक होते आणि मातीच्या भिंतीतून बारा महिने जुन्या ज्वारीचा वास यायचा. त्या साली कणग्या रिकाम्या होत्या, वास मात्र होता. खोलीचे दार बाभळीच्या एकाच जाड फळीचे. त्याला बिजागऱ्या नव्हत्या. फळीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लाकडाचाच खुंट ठेवलेला होता आणि तो चौकटीच्या खोबणीत फिरायचा. फिरताना आवाज करायचा. लहानपणी त्या आवाजावरून मी डोळे मिटूनही सांगत असे की आई आत गेली की बाहेर आली. दाराच्या खालच्या कोपऱ्यात मांजरासाठी एक चौकोन कापलेला होता, कारण कणग्यांना उंदीर लागायचे.

दादाला वीरचक्र जाहीर झाल्याचे गावाने ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ऐकले. दुसऱ्या दिवशी नगरच्या पेपरात बातमी आली, तिसऱ्या दिवशी कोणीतरी ती चावडीच्या भिंतीवर खळीने चिकटवली. जखमी असूनही त्याने ठाणे सोडले नाही आणि शत्रूचा हल्ला पहाटेपर्यंत रोखून धरला, असा तिचा मथितार्थ होता. शाळेतल्या पोरांना ती पाठ झाली. माघात दादा पुण्याच्या लष्करी इस्पितळातून रजेवर घरी आला तेव्हा वेशीपासून घरापर्यंत हलगी आणि लेझीम होते, आणि डाव्या खांद्याला पट्टी बांधलेला दादा उजव्या हाताने सगळ्यांना नमस्कार करत चालत होता. त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येत होते, म्हणून तो मान सारखी एका बाजूला वळवायचा. लोकांना तो रुबाब वाटला. आईने हुलग्याचे शेंगोळे केले होते. त्याने परात मांडीवर घेऊन तीन वेळा वाढून घेतले, पण ओसरीत बसून. मधल्या घरात पाट मांडला होता तिकडे तो गेला नाही.

त्यानंतरच्या गोष्टी मी एकेक करून पाहिल्या, त्यांचा एकमेकींशी संबंध लावला नाही. माघाची थंडी असताना दादा अंगणात शेरडांच्या दावणीजवळ झोपायचा. न्हाणीचे तट्ट्याचे दार लावून घ्यायचा नाही. वहिनी पाठ करून बाहेर उभी राहायची. गप्पा मारायला पाच माणसे ओसरीत आली की तो उठून पायरीवर जायचा. आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, मिलट्रीची सवय आहे. वहिनी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातली, भाताच्या मुलखातली. तिला आमची बाजरी जड जायची आणि तिची चेष्टा व्हायचीच. त्यात ही भर पडली. विहिरीवर एकीने तिला विचारले, “काय गं अकोलेकरीन, एवढ्या दिसांनी नवरा आला आन तू त्याला शेरडांत झोपवलास व्हय?” वहिनी घागर उचलत म्हणाली, “शेरडं घोरत न्हाईत म्हनून गेलेत.” बायका हसल्या.

भैरोबाच्या जत्रेत आमच्याकडे बारा गाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीमागे एक सोलांनी, म्हणजे जाड दोरांनी, बांधायच्या, त्यात माणसे बसवायची, आणि एका माणसाने पुढच्या गाडीला हात लावून त्या वेशीपासून देवळापुढच्या शिळेपर्यंत न्यायच्या. मागून शेकडो हात लोटत असतात आणि जमीन देवळाकडे थोडी उताराची आहे, हे सगळ्यांना माहीत असते. तरी गाड्या मधे अडल्या तर ते साल वाईट जाते असा समज आहे. ओढणाऱ्याला आधी पाच दिवस देवाला बसावे लागते. अंगाला हळद लावून त्याला बंद खोलीत बसवतात. दाराला कडी घालून गुरव तिच्यावर नाडा बांधतो. रोज पहाटे अंधारातच तो नाडा सोडतो, बसलेल्याच्या डोक्यावर घोंगडी टाकून त्याला ओढ्याकडे नेतो आणि उजाडायच्या आत परत आणून दार लावून घेतो. दार उघडायचा मान फक्त गुरवाचा. बाकी दिवसभर एका कुमारिकेने दूध नेऊन द्यायचे, तेही दार न उघडता.

कोंडाजी भगत हा मान वर्षानुवर्षे सांभाळत होता. तो त्या साली पौषात वारला आणि त्याच्या मागे कोणी नव्हते. लागोपाठ दोन पावसाळे ओढीचे गेले होते. होळी झाल्यावर एका सकाळी पंच आमच्या ओसरीत आले. पुढे तात्या होते, आबांचे चुलत थोरले भाऊ, जत्रेचा कारभार त्यांच्याकडे. वहिनीने चहा केला. तात्यांनी बशीत ओतून फुंकर मारली आणि म्हणाले,

“सरकारनं वळखला आमचा गडी. आता द्येवानं वळखायला नको?”

आबा पायावरची माती झटकत होते. दादाकडे न बघताच म्हणाले, “वढंल की. त्यात इचारायचं काय?”

“तसं न्हाई, पोराला इचारा. काय रं निवृत्ती?”

दादा पायरीवर बसला होता. त्याने चांगला कान वळवला. “गाडं वढतो, तात्या. बारा काय, पंधरा जोडा. पन ते बसायचं तेवढं ऱ्हाऊ द्या.”

“बसल्याबिगर हळद न्हाई. हळदीबिगर गाडं हलायचं न्हाई.”

“देवळाच्या वट्यावर बसतो. भायेर.”

“वट्यावर बसून देव पावला असता तर समदं गाव वट्यावरच बसलेलं हाय,” तात्या म्हणाले आणि ओसरी हसली. “आरं, तोफंम्होरं बसलास, ठानं न्हाई सोडलंस, आन आईच्या घरात चार भितीआड बसायला काय हुतंय रं?”

पुन्हा हसू झाले. दादाही हसला. त्याने कपबशी खाली ठेवली. बशीतला चहा तसाच होता. “बरं,” तो म्हणाला.

त्या ओसरीतली सगळी माणसे त्याच्यावर माया करणारी होती, हे इथे नोंदवले पाहिजे. कोणी त्याला कोंडत नव्हते. गावाकडे देण्यासारखा तोच एक मान होता आणि तो त्यांनी आपल्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला दिला होता. आबांनी शब्द दिला होता आणि आबांचा शब्द मागे घेतलेला कोणी पाहिला नव्हता. दादाला नाही म्हणण्यासाठी एक कारण द्यावे लागले असते. चावडीच्या भिंतीवर ती बातमी चिकटवलेली असताना ते कारण तो कोणत्या तोंडाने सांगणार होता, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. तेव्हा मला एवढेच कळले की दूध नेऊन द्यायचे काम माझ्याकडे आहे. मी अकरावीत होते, परीक्षा नुकतीच संपली होती आणि घरात दुसरी कुमारिका नव्हती.

बसायच्या दिवशी सकाळी दादाला अंगणात पाटावर बसवून हळद लावली. बायकांनी गाणी म्हटली. मग गुरवाने त्याला आतल्या खोलीत नेले, दार ओढले, ते नेहमीसारखे करकरले, आणि कडी पडली. त्या दिवशी ऊन फार होते. माळवद तापले की आतल्या खोलीत हवा हलत नसे. मी दूध घेऊन गेले आणि मांजराच्या चौकोनातून वाटी आत सरकवली. आतून एका हाताने वाटी घेतली. हात पिवळा होता.

“शाले, हाईस का गं?”

“हाय की.”

“जाऊ नगस. बोल कायतरी.”

“काय बोलू? भूगोल म्हनू का? नद्या?”

“म्हन. पानी तरी ऐकू दे.”

मी दाराला पाठ लावून नद्या म्हटल्या. गोदावरी कुठे उगम पावते, तिला कोण मिळते, ती कुठे जाते. मी चुकले की तो आतून दुरुस्त करायचा. मी थांबले की दारावर बोटाने टकटक करायचा. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. आई दोनदा मधल्या घरात येऊन आमच्याकडे पाहून गेली. तिला वाटले बहीणभाऊ गप्पा मारताहेत, आणि तसेच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरव त्याला ओढ्याकडून घेऊन आला तेव्हा मी जागी होते. घोंगडीखाली दादा आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबला. गुरवाने पाठीवर हात ठेवला. दादा हलला नाही. गुरवाने जरा वाट पाहिली आणि मग हलकेच लोटल्यासारखे केले, तेव्हा तो आत गेला. पहाटे त्याला पळता आले असते. घोंगडी टाकून माळावर निघून जाता आले असते. तो रोज आपल्या पायाने परत आत जात होता.

त्या दुपारी नद्या संपल्या होत्या आणि मी डोंगर म्हणत होते. मधेच तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे. मी सांगतो, तू ऐक.” मग त्याने सांगितले. मधे तो थांबायचा आणि मी “हं” म्हटले की पुढे बोलायचा.

“आमी तिघं हुतो बंकरात. एक परभनीकडला, त्यो पयल्याच गोळ्यात गेला. दुसरा साताऱ्याकडचा, लगीन ठरल्यालं पोरगं. छत खाली आलं आन वासा त्याच्या मांड्यांवर पडला. मागची वाट मातीनं बुजली. समदा अंदार.”

“मंग?”

“म्होरं हातभर भोक हुतं, बंदूक लावायचं. हवा तितनंच. तितं तोंड लावून बसलो. म्होरनं कुनी आलं की झाडायचो. ते आत आलं असतं, भोक बुजलं असतं, तर दोघंबी गेलो असतो. मी कुटं काय धरून ठिवलं शाले? भोक धरून ठिवलं.”

त्याने दारावर टकटक केली. मी म्हणाले, “हाय मी.”

“आन हे म्हनत्यात ठानं सोडलं न्हाई. सोडायला वाट कुटं हुती?”

“आन ते साताऱ्याचं पोरगं?”

“त्याला म्हनलं, बोलत ऱ्हा. मला नीट ऐकू येत नव्हतं, तरी म्हनलं, बोल. त्यो त्याच्या म्हशीचं सांगत हुता. दूध काढताना शेपटी मारती म्हनं, म्हनून तिच्या शेपटीला दगूड बांधला, तर दगूडच मारला तिनं. लई हासला सांगताना. पहाटंच्या वाईच आधी बोलायचा थांबला. तवा मला कळलं.” मग म्हणाला, “हे कुनाला सांगू नगस. आबाला तर न्हाईच.”

वृत्तपत्राच्या नोकरीत मी पुढे अनेक शौर्यपदकांच्या बातम्या लिहिल्या आणि त्याहून जास्त तपासल्या. त्यांत माणूस नेहमी काहीतरी ठरवतो आणि मग करतो. दादाच्या तोंडून ऐकलेल्या हकिकतीत ठरवण्याची जागा कुठे होती, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. समोरची जमीन मात्र पहाटेपर्यंत शत्रूला ओलांडता आली नव्हती, आणि उजाडल्यावर त्याला खणून बाहेर काढले तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना बंदुकीच्या नळीचे चटके होते. ते चटके मी पाहिले आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची वाटी सरकवली, ती कोणी घेतली नाही. मी हाक मारली. उत्तर आले नाही. मी नद्या सुरू केल्या. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते आणि अरबी समुद्राला मिळते, असे मी मुद्दाम म्हणाले. आधी तो अशा चुकीला हसला असता. मी तेच पुन्हा मोठ्याने म्हणाले. आतून काहीही बोलणे आले नाही. एक आवाज येत होता, कोरडा, मातीवर काही घासल्याचा, थांबून थांबून. वाटीतल्या दुधावर साय धरली.

मी चुलीपाशी गेले. आई भाकरी थापत होती, वहिनी जाळ सारत होती. मी आईला सगळे सांगितले, बंकर, भोक, वासा, म्हैस, सगळे. वहिनीने हातातले सरपण खाली ठेवले. आईने थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले, उलटली. ती फुगेपर्यंत ऐकत राहिली. मग एकच गोष्ट विचारली.

“त्यो पोरगा बोलायचा थांबला तवा कळलं, असं म्हनला?”

“व्हय.”

“आन आता हा बोलंना.”

“न्हाई बोलत.”

तिने भाकरी उतरवली, तवा खाली ठेवला, हात धुतले आणि गोठ्यातून पहार घेऊन आली. आबा वेशीवर गाड्या बांधायला गेले होते. घरात आम्ही तिघीच होतो. वहिनी म्हणाली, “आत्याबाई, नेम मोडंल. गाव काय म्हनंल?” आई म्हणाली, “कडीला हात लावू नगा. नाड्याला तर न्हाईच. खालनं घाला.” आम्ही पहारीचे टोक फळीच्या बुडाखाली सारले. पहिल्यांदा दार हलले नाही. दुसऱ्यांदा वहिनी पहारीवर सगळ्या अंगाने लोंबली, खालचा खुंट खोबणीतून सुटला, फळी तिरपी झाली आणि वरचा खुंटही निघाला. दार भिंतीला टेकले आणि कडीच्या बळावर तसेच लटकत राहिले. ज्या बाजूने ते कधी उघडत नसे, ती बाजू उघडी पडली.

दादा साण्याखालच्या भिंतीपाशी बसला होता. त्याने भिंतीत पंजाएवढा खड्डा खणला होता. नखे फुटली होती आणि हळदीत माती मिसळली होती. तो आमच्याकडे पाहत होता, पण ओळखले की नाही ते कळत नव्हते. वहिनी पुढे झाली, आईने तिला धरले. ती स्वतःही उंबरा ओलांडून आत गेली नाही. तिथेच खाली बसली.

“बाळा, दार काढलंय. मी दिसती का तुला?”

त्याने मान वळवून चांगला कान तिच्याकडे केला. मग तो म्हणाला, “दिसतीस.”

“मंग बस तितंच. मी हितं हाय.”

बातमी वेशीवर पोहोचायला वेळ लागला नाही. तात्या, पंच, गुरव आणि त्यांच्यामागे आबा असे सगळे मधल्या घरात आले. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण ती उठली नाही. पहार तिच्या मांडीवर आडवी होती.

“पारूबाई, हे काय मांडलंस?” तात्या म्हणाले. “दार उघडलंस?”

“म्या कुटं उघडलं? नाडा बघा.”

गुरव पुढे आला. त्याने वाकून नाडा पाहिला, गाठ बोटाने चाचपली. “नाडा माझाच हाय,” तो म्हणाला. “गाठबी माझीच.”

“दार उघडायचा मान गुरवाचा, ते म्हाईत हाय मला,” आई म्हणाली. “दार उचलायचा मान कुनाचा, ते सांगा. दार माझ्या म्हायेरच्या बाभळीचं हाय. माझ्या बापानं घडवून धाडलंय.”

मागे कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. तात्यांना राग आला होता. “पन काढलंस का?” त्यांनी विचारले. “कारन तरी सांग.”

मी आईकडे पाहिले. दादा आत उजेडाच्या काठीच्या पलीकडे बसून ऐकत होता. आई म्हणाली, “त्याला उकडत हुतं.”

“उकडत हुतं!” तात्या म्हणाले. “वीरचक्रवाल्याला!”

“चैताचं ऊन हाय. चक्र असलं म्हनून काय झालं?”

शेवटी तात्यांनी निदान चौकटीवर घोंगडी टांगा म्हणून सांगितले. आई नाही म्हणाली. मग सगळ्यांनी आबांकडे पाहिले. शब्द त्यांचा होता. आबांनी दादाच्या बोटांकडे पाहिले, भिंतीतल्या खड्ड्याकडे पाहिले. पुढे येऊन त्यांनी आईच्या मांडीवरची पहार उचलली आणि गोठ्यात जागेवर नेऊन ठेवली. मग पंच गेले.

उरलेले दिवस दादा त्या खोलीतच बसला. उंबरा त्याने ओलांडला नाही. पहाटे गुरव यायचा, दार जिथे लटकत होते तिथे जाऊन आधी नाडा सोडायचा, मग मोकळ्या चौकटीतून दादाला बाहेर घ्यायचा, परत आणायचा आणि कशालाही बंद न करणाऱ्या कडीवर पुन्हा नाडा बांधायचा. हे तो गंभीरपणे करायचा आणि आम्ही कोणी हसलो नाही. आईने आपली सगळी कामे चौकटीसमोर आणली. रेशनच्या धान्यातले खडे तिथे वेचले, गोधडी तिथे शिवली. ती एरवी फार कमी बोलणारी बाई. त्या दिवसांत ती सकाळपासून दिवे लागेपर्यंत बोलत राहिली. माहेरच्या विहिरीचे, मेलेल्या बैलाचे, माझ्या जन्माच्या वेळी सुईण कशी चिखलात पडली त्याचे. दादा अधूनमधून हसायचा.

गाड्यांच्या दिवशी बायका माळवदांवर चढल्या होत्या. दादाला हळद माखून, डोक्याला फेटा बांधून वेशीवर नेले. दोन्ही बाजूंनी दोघांनी त्याचे हात धरले होते. बाराही गाड्या माणसांनी भरलेल्या होत्या. शेवटच्या गाडीत शाळेची पोरे चावडीवरची बातमी मोठ्याने म्हणत होती. दादाने पहिल्या गाडीच्या जुवाला कपाळ लावले आणि तो पुढे वाकला. गाड्या हलल्या. धूळ इतकी उठली की मला मधला पल्ला दिसला नाही. धूळ बसली तेव्हा पहिली गाडी देवळापुढच्या शिळेला टेकलेली होती. गाड्या कुठेही अडल्या नव्हत्या.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रेही गेली. माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली आणि आमच्या घरचेही सगळे गेले. तिथे बायका आईला दारवाली म्हणत. एकीने तोंडावर म्हटले, “नेम मोडला म्हनून ही येळ आली.” आईने हातोडी थांबवली नाही. “पाऊस आमच्या आतल्या खोलीतनं येत हुता व्हय गं? मंग आंदी न्हाई सांगितलंत. तवाच काढलं असतं दार.” असे ती म्हणाली, पण त्या हंगामात दुपारच्या भाकरीला तिच्या शेजारी कोणी बसत नव्हते. वहिनी आणि मी बसायचो. आईने कारण कोणालाही सांगितले नाही, आबांनाही नाही. आबांना ते कधी समजले, असे मला वाटत नाही. त्यांनी त्याबद्दल विचारलेलेही मी ऐकले नाही.

पदक दादाला पुढे दिल्लीला मिळाले. आबा आणि वहिनी गेले होते. आबा परत आल्यावर गावात सांगत फिरले की एवढ्या मोठ्या सभेत मोठ्याने वाचून दाखवले, पोराने ठाणे सोडले नाही. बऱ्याच वर्षांनी त्या मानपत्राचा छापील मजकूर मी मिळवला आणि सवयीने तपासला. त्यात एकही वाक्य चुकीचे नाही. तेव्हा दादा निवृत्त होऊन घरी आला होता. मी त्याला विचारले, उरलेले लिहू का? तो अंगणात बसला होता. म्हणाला, “त्या पोराच्या म्हशीचं लिही. बाकीचं छापलंय.” तो एकदा त्या मुलाच्या गावी साताऱ्याकडे जाऊन आला, असे वहिनी म्हणते. त्याने मला तसे सांगितले नाही, म्हणून मी ते पक्के धरत नाही.

जत्रेनंतर आतल्या खोलीचे दार दादाने अंगणात नेऊन दोन दगडांवर टाकले होते. रजेवर आला की तो त्यावर झोपायचा, आणि पेन्शनीत आल्यावर बारा महिने. त्याच दारावर, उजाडल्यावर, तो वारला. पदक वहिनीकडे पत्र्याच्या पेटीत आहे. माझ्या पुतण्याने घरावर स्लॅब टाकला तेव्हा आतली खोली तशीच ठेवली आणि चौकटही जुनी ठेवली. गेल्या दिवाळीला मी पाहिली. उंबऱ्यात खुंटाची खोबण आहे. दार बसवलेले नाही.